रांगेखालचं नाव

"पहिल्यांदाच आलात?" तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं. तिच्या डोक्यावर सपाट काठाची टोपी होती, उन्हाने नाकाची सालं निघाली होती आणि आवाजात शाळेत नव्याने लागलेल्या बाईंचा उत्साह होता.

गाडी व्होंडा चालवत होती. तिने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. अर्विला समोरच्या लाल कड्यांकडे बघत बसली होती, जणू प्रश्न मागच्या गाडीला विचारलाय.

"हिचा जन्म इथलाच आहे," व्होंडा म्हणाली. "पण पहिल्यांदाच समजा."

मुलीने नकाशा दिला, पाणी किती आणि केव्हा प्यायचं ते सांगितलं. आभाळ भरून आलं तर घळीत पाऊल टाकू नका, असं बजावलं. "पाऊस लांब वर डोंगरावर पडतो. इथे चक्क ऊन असतं, आणि लोंढा येतो."

"माहीत आहे," अर्विला म्हणाली. सकाळी रिचफिल्डच्या घराला कुलूप लावल्यापासून ती बोललेले हे पहिलेच दोन शब्द.

खिडकी मागे पडली आणि रस्ता कड्यांच्या मधे शिरला. उजवीकडे नदी, नदीकाठी पॉपलरची झाडं, आणि मग एकदम, सगळ्या लाल दगडात कुणी हिरवं फडकं टाकावं तशा बागा. पीच, चेरी, सफरचंद. अर्विलाच्या लहानपणी इथे उणीपुरी बारा घरं होती. नकाशावर त्या गावाला भलतंच नाव दिलं होतं, पण तिथले लोक त्याला नुसतं 'वळण' म्हणायचे. मग सरकारने सगळा भाग राखीव उद्यान केला, एकेक घर विकत घेतलं, घरं पाडली आणि झाडं ठेवली. आता गावोगावचे लोक येऊन त्या झाडांखाली सतरंज्या पसरून सँडविच खात होते.

"आपलं घर कुठे होतं?" व्होंडाने वेग कमी केला.

"ते बघ, तो माणूस बायकोचा फोटो काढतोय ना? तो माझ्या चुलीवर उभा आहे."

व्होंडाला हसू आलं. आई बोलायला लागली म्हणजे बरं, असं तिला वाटलं. ती दुसरीच्या वर्गाला शिकवायची. मूल गप्प असलं की भीती, वात्रटपणा करायला लागलं की निभावलं, हा तिचा आडाखा होता.

"बाबा म्हणायचे, वळणावरचा पीच खाल्ला की दुकानातला तोंडात धरवत नाही."

"तुझा बाप बरंच काही म्हणायचा. दर वर्षी पावसाळा सरला की तळ्यावर मासे धरायला जायचा. एक मासा घरी आणला नाही."

"एकदा आणले होते."

"ते दुकानातले होते. पोटात बर्फ होता त्यांच्या."

"आई, तू कधी बोलली नाहीस त्यांना."

"काय बोलायचं? आल्यावर पाठ धरून दोन दिवस पडून असायचा. मासे धरून कुणाची पाठ दुखते? मासे हसत असतील त्याला." मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "घराबाहेर राहायचं असेल त्याला. मी काही धरून ठेवला नव्हता."

व्होंडाने गाडीचा वेग पुन्हा वाढवला. थेरनला, व्होंडाच्या बाबांना, जाऊन चार-पाच महिने झाले होते. प्रार्थनाघरातल्या बायकांनी बटाट्यांची गरम पातेली आणली, हिरवी जेली आणली, सगळ्यांनी अर्विलाचे हात हातात घेतले, आणि वर स्वर्गात तुमची दोघांची पुन्हा गाठ आहेच, सिस्टर जॉर्गन्सन, असं तिला सांगितलं. अर्विलाही तसंच मानत होती. पण वर गाठ पडल्यावर थेरनशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तिला सुचत नव्हतं. त्यासाठी ती आज आली होती.

गोष्ट एल्डनची होती. तो तिचा पहिला मुलगा, व्होंडाच्या जन्माआधी गेलेला.

वळणापासून थोड्या अंतरावर कड्यांमधून एक अरुंद घळ जायची. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे ओढ्याचं कोरडं पात्र. पलीकडच्या गावांना जायचा तोच एक रस्ता होता. पहिले लोक बैलगाड्या घेऊन त्यातून आले तेव्हा त्यांनी भिंतीवर आपली नावं कोरली, आणि मग तो रिवाजच पडला. प्रत्येक घराचा भिंतीचा आपापला तुकडा होता. पोराला आठ वर्षं पुरी झाली, पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा झाला, की पुढच्या रविवारी बाप त्याला घळीत घेऊन जायचा. पोराने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, हात पोचेल तिथे, खिळा आणि हातोडी घेऊन स्वतःचं नाव घालायचं. कुणी उचलून घ्यायचं नाही. कुणी मदत करायची नाही. त्यामुळे जॉर्गन्सनांची सगळी नावं लहान मुलाच्या उंचीवर एका रांगेत होती, आजोबा, बाप, काका, सगळे आठ वर्षांचे.

एल्डनला आठ पुरी व्हायला थोडे महिने होते. त्याच्या बरोबरीच्या शेजारच्या पोराने नाव घातलं आणि याच्या अंगात वारं शिरलं. थेरन म्हणाला, नाही. बाप्तिस्म्यानंतर. एल्डन रडला, जेवला नाही, पीचच्या झाडावर जाऊन बसला. थेरन म्हणाला, नियम म्हणजे नियम. ऑगस्टमधल्या एका दुपारी घरातून खिळा आणि छोटी हातोडी नाहीशी झाली, एल्डनही नाहीसा झाला. वळणावर लख्ख ऊन होतं. संध्याकाळच्या आत घळीतून लोंढा येऊन गेला.

त्याची टोपी खाली एका झुडपात सापडली. बाकी काही नाही. गावातले सगळे पुरुष काठ्या घेऊन गाळ ढवळत फिरले. कबरीचा दगड अर्विलाने घेऊ दिला नाही. खाली काही नाही, तर वर दगड कशावर ठेवायचा, म्हणाली. ती पुन्हा कधी घळीत गेली नाही, आणि वळण सुटल्यावर या रस्त्यालाही आली नाही.

थेरनला ती एक शब्द लावून बोलली नाही. त्याचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, पुढे व्होंडा झाली. पण त्या माणसाने नियम म्हणजे नियम म्हटल्याचं ती विसरली नाही, आणि ती विसरली नाही हे त्यालाही माहीत होतं. असं पन्नासच्या वर वर्षं चाललं. शेवटच्या आठवड्यात ती कापसाच्या बोळ्याने त्याचे ओठ ओले करत होती, तेव्हा तो म्हणाला, "त्याचं नाव भिंतीवर आहे, अर्विला. आपल्या रांगेखाली. एकदा बघून ये."

तिच्या मनात आलं, आता घातलंस होय नाव. तेव्हा घालू दिलं असतंस तर. बोलली मात्र नाही. बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. त्यानंतर थेरन शुद्धीवर आलाच नाही.

डांबरी रस्ता संपला. व्होंडाने गाडी सावलीत लावली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, जेवणाचा डबा घेतला, आईची काठी काढून दिली.

"आभाळ बघ," अर्विला म्हणाली.

"एक ढग नाही."

"इथलं नको. तिकडचं, डोंगरावरचं."

डोंगरावरचं आभाळही स्वच्छ होतं. दोघी पात्रात उतरल्या.

चालायला वाट अशी नव्हतीच. खडी, गोटे, मधेच मऊ वाळू, आणि दोन्हीकडे भिंती इतक्या जवळ येत गेल्या की बोललेलं परत ऐकू यायला लागलं. अर्विला सावकाश चालत होती. तिच्या तरुणपणी इथून टेलरांचा ट्रक भाजी घेऊन जायचा. दर लोंढ्यानंतर गावातले पुरुष घोडे आणि फाळ घेऊन यायचे, गोटे बाजूला ओढायचे, खडी सपाट करायचे आणि दुसऱ्या दिवशी रस्ता चालू व्हायचा. लग्न करून जॉर्गन्सनांकडे आली तेव्हा थेरनने तिला रांग दाखवायला आणलं होतं. त्याच्या नावावर कोपर टेकून ती उभी राहिली होती आणि म्हणाली होती, अक्षर बरं आहे तुझं, आठव्या वर्षी. तो लाजला होता.

"आई, ही नावं." व्होंडा थांबली. शेजारी उद्यानाची पाटी होती, दगडावर लिहिणं गुन्हा आहे अशी. वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पहिल्या लोकांची मोठमोठी नावं होती.

"टेलर. मग बेह्‌रमन. त्यांच्यापुढे आपला तुकडा."

व्होंडा पुढे गेली, भिंतीला हात लावत. "जॉर्गन्सन सगळे कुठायत? इथे तर कुणीच नाही. थांब. आई, हे काय, इथे खाली! थेरन. हे बाबाच ना?"

ती वाकली होती, जवळजवळ ओणवी. नाव तिच्या नडगीपाशी होतं.

"एवढंसं खाली कसं? बाबा काय रांगत आले होते?"

अर्विला आली आणि बघत राहिली. अक्षर तेच होतं. फक्त पूर्वी त्यावर तिचं कोपर टेकत होतं आणि आता बुटाने शिवता आलं असतं. तिला कळायला वेळ लागला नाही. नाव जागच्या जागी होतं, जमीन वर आली होती. रस्ता बंद झाला, घोडे गेले, खडी ओढणारं कुणी राहिलं नाही. दर ऑगस्टला लोंढा येत होता आणि आणलेलं ठेवून जात होता.

रांग पायाशी होती. रांगेखाली जे होतं, ते जमिनीत होतं.

"म्हणजे एल्डनचं—" व्होंडा म्हणाली आणि थांबली. हे नाव तिने आईसमोर आजवर उच्चारलं नव्हतं.

"हो. गाडलं गेलं."

अर्विला एका गोट्यावर बसली. रडू आलं नाही. तिला फक्त वाटलं, बरोबर आहे. मूलही याच वाळूत, नावही याच वाळूत. आपल्याला काय दिसणार होतं?

काठीचं टोक तिने समोरच्या खडीत खुपसलं. ते दगडावर आपटलं. थोडं बाजूला खुपसलं, पुन्हा दगड. ती नीट बघायला लागली. खडीतून काही दगडांच्या कडा जेमतेम वर आल्या होत्या, आणि त्या कडांची अर्धगोल ओळ होती, एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला भिंत. लोंढा दगड आणतो तो आडवा टाकतो. हे दगड उभे होते. एकाला एक टेकलेले, वरची कड किंचित बाहेर कललेली.

वळणावर सगळेच आपल्या पाटांना दगड लावायचे. बाकीचे आडवे रचायचे आणि दर वसंतात शिव्या घालत पुन्हा रचायचे. उभे, बाहेर कललेले, असे एकटा थेरन लावायचा. रिचफिल्डच्या घरी तिच्या गुलाबांच्या वाफ्याला आजही तसेच होते. माणसाची चाल जशी लांबून ओळखू येते, तसे तिला ते दगड ओळखू आले.

"व्होंडा," ती म्हणाली, "इथे उकर."

"कशाने?"

"डब्याचं झाकण आहे ना."

व्होंडाने डब्यातली सँडविचं काढून आपल्या टोपीत ठेवली आणि गुडघ्यांवर बसून उकरायला लागली. खडी भुसभुशीत होती. अर्धगोलाच्या आतली खडी निघत गेली तसे दगड खाली उतरत गेले. एका थराखाली दुसरा थर, दुसऱ्याखाली तिसरा. भिंतीला लागून कुणी अर्धी विहीर बांधावी तसं ते होतं. जमीन वर आली की वर एक थर, पुन्हा आली की पुन्हा एक.

व्होंडा थांबली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. "मासे," ती हळूच म्हणाली.

अर्विलाने मान हलवली. खुब्याचं हाड मोडल्यावर थेरनला गाडी चालवायला बंदी झाली, तेव्हापासून तळ्यावर जाणं संपलं होतं. तेवढ्या वर्षांत लोंढ्यांनी विहीर भरून टाकली होती. त्याच्या आधीची सगळी वर्षं तो फावडं घेऊन येत होता, ती उपसत होता, आणि घरी जाऊन पाठ धरून पडत होता. ती म्हणायची, मासे हसत असतील तुला.

एक तरुण जोडपं पाठीवर पिशव्या लावून येत होतं. मुलगी थबकली. "काही हरवलंय का?"

"कानातलं," व्होंडा म्हणाली.

"अरे बाप रे. मदत करू का आम्ही?"

"नको, नको. सापडत आलंय. तुम्ही व्हा पुढे, पुढे फार छान आहे."

जोडपं पुढे गेलं. "खोटं बोललीस," अर्विला म्हणाली.

"मग काय सांगू? भाऊ?"

व्होंडाचा हात आता दंडापर्यंत आत जात होता. झाकण भिंतीवर घासलं तेव्हा तिने ते टाकून दिलं आणि बोटांनी चाचपलं. "आहे," ती म्हणाली. "आई, आहे. अक्षरं आहेत."

अर्विलाला गुडघ्यांवर बसायला मदत लागली. तिने बाही सारली आणि हात खाली सोडला. खालची खडी ओलसर आणि गार होती. दगड बोटांना लागला, मग चर. तिने सुरुवात शोधली आणि तिथून बोट फिरवायला लागली. पहिलं अक्षर वाकडं होतं, उथळ, खिळा दोन-तीनदा घसरलेला. दुसरं तसंच. तिसऱ्याची एक उभी रेघ उथळ, आणि मग एकदम बोट खोल गेलं. तिथून पुढे शेवटपर्यंत चर खोल, काठ स्वच्छ, वळण सारखं.

व्होंडाने फोनचा दिवा लावून खड्ड्यात धरला आणि डोकं तिरकं करून पाहिलं. "पहिली दोन लहान मुलासारखी काढलीत. बाबांनी मुद्दाम काढली असतील तशी?"

"तुझ्या बापाला वाकडं काही काढता यायचं नाही," अर्विला म्हणाली.

मग दोघींनाही कळलं.

एल्डन इथे येऊन बसला होता. रांगेत नाही, रांगेखाली. रांग बाप्तिस्मा झालेल्यांची होती, म्हणून त्याने खालची जागा धरली होती. न विचारता आला, पण नियम तेवढा पाळला. दोन अक्षरं झाली, तिसरं सुरू केलं, आणि तेव्हा त्याला लोंढ्याचा आवाज आला असेल.

आणि हे थेरनला माहीत होतं. गाळ ढवळून चौथ्या दिवशी तो घरी आला होता, कमरेपर्यंत चिखल, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "अर्विला, तिथे भिंतीवर—" ती चुलीशी होती. मागे न वळता तिने सांगितलं, त्या जागेचं नाव या घरात घ्यायचं नाही. तिला वाटलं होतं, हा आता आपल्या नियमाची बाजू मांडणार. तो दारातच बूट काढत बसला. नियम झाला म्हणजे झाला. तिचाही त्याने पाळला.

कधीतरी नंतर तो एकटा येऊन उरलेलं नाव पुरं करून गेला होता.

"आई," व्होंडा अजून दिवा धरून बघत होती. तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, जवळचा. "या आडव्या रेघा उलटीकडून ओढल्यात. उजवीकडून डावीकडे. माझ्या वर्गातली डावखुरी मुलं अशीच ओढतात. एल्डन डावखुरा होता?"

असा प्रश्न अर्विलाला आजवर कुणी विचारला नव्हता. एल्डन कसा होता, असं विचारायला तिने कुणाला जागाच ठेवली नव्हती. तिने डोळे मिटले. तो टेबलाशी बसलेला दिसला. मानेवर केसांचा भोवरा होता, तो दिसला. उन्हात तापलेल्या डोक्याचा वास आला. वाटीतला पीच दिसला, चमचाही दिसला. चमचा धरलेला हात काही केल्या दिसेना. उजवा म्हटला तर उजवा दिसे, डावा म्हटला तर डावा.

"थेरनला माहीत असेल," ती म्हणाली.

म्हटल्यावर ते तिचं तिलाच ऐकू आलं. भिंतींनी ते परत आणून दिलं.

हे सांगू शकणारा एक माणूस होता. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याच टेबलाशी बसत होता, मीठ मागत होता. एल्डनला कुठल्या हाताने चमचा धरायची सवय होती, तो झोपेत काय बडबडायचा, कुठल्या गाण्याला त्याला हसू यायचं, हे साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातलं तिच्या वाटचं सांगायला आणि त्याच्या वाटचं ऐकायला तिच्याकडे पन्नास वर्षं होती. तिने ती स्वयंपाकघर आवरण्यात घालवली. आता त्याच्या वाटचं सगळं तो घेऊन गेला होता, आणि तिच्या वाटचं तिने उघडून पाहिलं तर त्यातही फार काही शिल्लक नव्हतं.

व्होंडाने दिवा विझवला. आईच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

"अजून खाली उकरू का? तुला नीट दिसेल."

"नको."

"मग हात काढ आता, आई. गार पडला असेल."

"पडू दे," अर्विला म्हणाली, आणि बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं.